करमुक्तीचे एकोणीस रुपये

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. सरकारने कुठलाच चित्रपट करमुक्त करू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संभाजी महाराजांवरच्या 'छावा'सारखा चित्रपट आला की माझ्यासारख्यांना पोटशूळ उठतो; 'छपाक'च्या वेळी मी मूग गिळून बसलो असणार; गरीब प्रेक्षकाचे चार पैसे वाचत असतील तर माझ्या खिशातून काय जातं; आणि मी एक तर सिनेमावर लिहावं नाहीतर राजकारणावर, दोन्हीकडे नाक खुपसू नये. वर 'आधी थिएटरात जाऊन बघा, मग बोला' असा आदेशही आहे. भाषा तिखट आहे, पण मुद्दे आहेत. म्हणून सविस्तर लिहितोय.

पैशांपासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

२०१७ पर्यंत करमणूक कर हा राज्यांचा स्वतःचा कर होता. आपल्याकडचा मूळ कायदा १९२३ सालचा, म्हणजे बोलपटांच्याही आधीचा. महाराष्ट्रात हा कर ४५ टक्क्यांपर्यंत जायचा. त्या काळात चित्रपट करमुक्त झाला की पोस्टरवर आडवी पट्टी चिकटायची आणि तिकीटखिडकीवर फरक कळायचा. चार जणांच्या कुटुंबाला पाचवं माणूस नेता यावं इतका फरक! तुमच्या मनात करमुक्तीचं जे चित्र आहे ते तेव्हाचं. तेव्हा ते खरंही होतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा कर त्यात विरघळला. आज शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. त्यातले ९ केंद्राचे, ९ राज्याचे. केंद्राच्या वाट्याला मुख्यमंत्री हात लावू शकत नाहीत. म्हणजे आज एखादं राज्य 'चित्रपट करमुक्त' म्हणून जाहीर करतं तेव्हा ते फक्त आपले ९ टक्के सोडतं. कराचा निम्मा भाग तसाच राहतो आणि बातमी मात्र 'करमुक्त' अशी येते.

आता हिशेब करा. तिकीट २५० रुपयांचं, सगळे कर धरून. त्यात मूळ किंमत सुमारे २१२ रुपये, राज्याचा कर १९ रुपये, केंद्राचा १९. करमुक्तीनंतर तुम्ही २३१ रुपये देणार. हे १९ रुपये वाचवायला ॲपवरून तिकीट काढलंत तर बहुतेक वेळा सुविधा शुल्कच त्याहून जास्त बसतं.

गरीब प्रेक्षकाचं म्हणाल तर तो मल्टिप्लेक्सात क्वचितच असतो. तो असतो जुन्या एकपडदा थिएटरात, शंभराच्या आतल्या तिकिटावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून या तिकिटांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. चांगला निर्णय, आणि त्यासाठी कुठल्याही चित्रपटाला निवडावं लागलं नाही. पण आता राज्याचा वाटा उरला अडीच टक्के. शंभराच्या तिकिटावर करमुक्तीने त्याचे वाचणार जास्तीत जास्त अडीच रुपये. आणि जो ९०० रुपयांच्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत पाय पसरून बसलाय, त्याचे वाचणार ६८-६९. तुम्ही ज्याच्या नावाने भांडताय त्याला अडीच आणि ज्याला गरज नाही त्याला जवळजवळ सत्तर. ही कसली गरिबाची सोय?

बरं, हे पैसे येतात कुठून? पद्धत अशी असते की थिएटरवाला प्रेक्षकाकडून राज्याचा कर घेत नाही, स्वतःच्या पदरचा भरतो आणि मग सरकार त्याला तेवढी रक्कम परत करतं. म्हणजे हा सरळसरळ खर्च आहे. जो माणूस चित्रपट बघायला गेलेलाच नाही, त्याच्याही पैशातून होणारा. माझ्या खिशातून काय जातं, ते हे.

आता 'छपाक'. तो विषय तुम्हीच काढलात हे बरं झालं, कारण माझ्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. १० जानेवारी २०२०, शुक्रवार. 'छपाक' आणि 'तान्हाजी' एकाच दिवशी लागले. तीन दिवस आधी 'छपाक'ची नायिका दीपिका पदुकोण दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात आंदोलक विद्यार्थ्यांजवळ जाऊन उभी राहिली होती. लगेच एका बाजूने बहिष्काराची हाक आली, दुसऱ्या बाजूने कौतुकाचा पाऊस. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये तेव्हा काँग्रेसची सरकारं होती. त्यांनी चित्रपट लागायच्या आधीच 'छपाक' करमुक्त केला. उत्तर प्रदेश आणि हरियाणा या भाजपच्या राज्यांनी 'तान्हाजी' करमुक्त केला. कुठल्या राज्यात कुठलं तिकीट स्वस्त, हे दोन्ही चित्रपट न बघता नुसत्या मुख्यमंत्र्यांच्या पक्षावरून सांगता आलं असतं! ॲसिड हल्ल्यातून सावरणाऱ्या मुलीची गोष्ट एका पक्षाची आणि कोंढाण्यावर पडलेल्या मालुसऱ्यांची गोष्ट दुसऱ्या पक्षाची, अशी वाटणी करून टाकली. दोन्ही गोष्टींवर अन्यायच केला की नाही? आणि करमुक्ती मिळूनही 'छपाक' चालला नाही, 'तान्हाजी' धो धो चालला. प्रेक्षकाने आपलं आपण ठरवलं.

महाराष्ट्रात तर आणखी गंमत. तेव्हा भाजपच्या विरोधातल्या महाविकास आघाडीचं सरकार होतं. त्यांनीही २२ जानेवारीला मंत्रिमंडळात निर्णय घेऊन 'तान्हाजी'चा राज्याच्या वाट्याचा कर माफ केला. चित्रपटाने शंभर कोटी केव्हाच ओलांडले होते. कुणाला मदत करायची होती? निर्मात्याला गरज नव्हती, प्रेक्षक आधीच रांगा लावत होता. विरोधकांनी 'महाराजांच्या मावळ्याला विसरलात' म्हणू नये, एवढीच सोय त्यातून झाली.

मग 'छावा'. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि गोव्याने तो करमुक्त केला आणि इथेही मागणी सुरू झाली. त्यावर मुख्यमंत्री फडणवीसांनी उत्तर दिलं की महाराष्ट्राने करमणूक कर २०१७ सालीच कायमचा रद्द केलाय, तेव्हा माफ करायला करच उरलेला नाही. मला हे उत्तर आवडलं होतं आणि तसं मी लिहिलंही होतं. ते वाक्य तुमच्या नजरेतून निसटलेलं दिसतं. उत्तर अर्धंच होतं, हेही खरं. पाच वर्षांपूर्वी याच राज्याने 'तान्हाजी'साठी जीएसटीतून वाट काढली होतीच. पण ती वाट पुन्हा वापरली नाही, हे योग्यच झालं. संभाजी महाराजांबद्दलचा आदर तिकिटामागे १९ रुपयांच्या सवलतीत मोजायचा असेल तर मला तो मोजायचा नाही.

आणि जरा मागे जाऊन आठवा. जानेवारीत याच चित्रपटाच्या ट्रेलरमधल्या लेझीम नृत्यावरून केवढा गदारोळ झाला होता. इतिहासाच्या जाणकारांना दाखवल्याशिवाय प्रदर्शित होऊ देऊ नये, अशी भाषा राज्याच्या मंत्र्यांनी केली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढून टाकला. महिन्याभरात तोच चित्रपट राज्याच्या अभिमानाचा विषय! म्हणून म्हणतो, सरकारची कौतुकाची थाप मला फार सुखावत नाही. ज्याला करमुक्ती द्यायचा अधिकार असतो तो उद्या उलटही वागू शकतो. 'द केरला स्टोरी'चं काय झालं? मे २०२३ मध्ये मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात करमुक्त, पश्चिम बंगालमध्ये थेट बंदी. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे रोजी त्या बंदीला स्थगिती दिली म्हणून बरं. मला तो चित्रपट प्रचारकी वाटतो. बंदी तरीही चूकच.

याहून पुढचा प्रकार 'द काश्मीर फाइल्स'च्या वेळी झाला. मार्च २०२२. मध्य प्रदेशात पोलिसांना चित्रपट बघायला रजा. आसामात सरकारी कर्मचाऱ्यांना अर्धा दिवस विशेष रजा, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिकीट दाखवायचं! शाळेत सहलीचं पत्र पालकांकडून सही करून आणायचो, तसं. ज्यांना काश्मिरी पंडितांची कथा बघायची होती ते रजा टाकून गेलेच असते. तिकीट दाखवा म्हटलं की बघणाराही हजेरी लावायला जातो.

'सरकारने संस्कृतीला हातभार लावू नये का?' असं तुम्ही मध्येच विचारलंय. जरूर लावावा, पण नियम करून. तमिळनाडूत २००६ मध्ये करुणानिधींच्या सरकारने तमिळ शीर्षक असलेल्या चित्रपटांना करमणूक कर माफ केला. नियम म्हटला तर विनोदीच. शीर्षक शुद्ध तमिळ दिसावं म्हणून 'जिल्लुनु ओरु कादल' नावाच्या चित्रपटाचं रातोरात 'सिल्लुनु ओरु कादल' झालं. पण तो सगळ्यांना सारखा होता. हिरो कोणाचा पाठीराखा आहे हे कोणी विचारत नव्हतं. पुढे २०११ मध्ये जयललितांनी त्यात तमिळ संस्कृतीशी सुसंगत असण्याची अट घातली, आणि अशा अटी आल्या की कोणाला द्यायचं ते ठरवणारा माणूस येतो. आपल्याकडेही मराठी चित्रपटांसाठी अनुदान योजना आहे. परीक्षण समिती चित्रपट बघते, गुण देते. कैक वर्षं 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असे दर होते. त्या समित्यांबद्दल निर्मात्यांच्या तक्रारी कमी नाहीत. तरी अर्ज, समिती, गुण एवढं तरी असतं. करमुक्तीला काय असतं? बहुतेक वेळा एक ट्वीट.

आणि खरा सवाल तर तुम्ही विचारलाच नाहीत. करमणूक कराच्या काळात मराठी चित्रपटाला महाराष्ट्रात हा कर नव्हता. हिंदीच्या तिकिटावर कर आणि मराठीच्या तिकिटावर नाही, एवढ्या एका गोष्टीने मराठी चित्रपटाला बळ मिळायचं. जीएसटी आला आणि ही सवलत गेली. आज साठ-सत्तर स्क्रीनवर कसाबसा लागणारा, दुपारी साडेबाराच्या खेळाला रिकाम्या खुर्च्यांसमोर चालणारा मराठी चित्रपट आणि देशभर हजारो पडद्यांवर झळकणारा हिंदी चित्रपट, दोघांच्या तिकिटावर तोच १८ टक्के कर. राज्याला आपले ९ टक्के सोडायचेच असतील तर सगळ्या मराठी चित्रपटांसाठी सोडावेत. निवड नको, घोषणा नको, मंत्र्यांसाठी खास खेळही नको. या मागणीवर सही करायला मी आत्ता तयार आहे, तुम्ही आहात का ते सांगा.

राजकारण की सिनेमा, एकच निवडा म्हणताय. ते मी केलंही असतं, पण २ डिसेंबर २०२४ ला गोध्रा रेल्वे जळीतकांडावरचा 'द साबरमती रिपोर्ट' पंतप्रधानांनी मंत्र्यांसह संसदेच्या ग्रंथालय इमारतीतल्या सभागृहात बसून बघितला. चित्रपट संसदेच्या आवारात आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत पोचला असेल तर मी तो कुठल्या कप्प्यात टाकू?

राहिला शेवटचा आदेश. 'छावा' मी थिएटरातच बघितला, पूर्ण दरात. विकी कौशलने जीव ओतलाय यात वाद नाही. पण मला लक्षात राहिला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब. टोपी विणत, आवाज न चढवता बोलणारा. पूर्वार्धात लढाया एकामागून एक येत राहतात आणि कुठली कुठे झाली याचा पत्ता लागत नाही. येसूबाईंना तर औक्षण आणि काळजी यापलीकडे काही करायलाच दिलेलं नाही. ज्या बाईने पुढे रायगड धरून ठेवला आणि मोगलांच्या कैदेत वर्षानुवर्षं काढली, तिला! रहमानचं संगीतही त्या मातीतलं वाटलं नाही. हे सगळं तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे. त्यावर मात्र जरूर भांडा.