ट्रेड झाला? मग भविष्य सांगून टाका!

परवा एका स्नेहभोजनात शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी मला श्रीखंड संपेपर्यंत समजावून सांगितले, की अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेत डॅलस संघाने आपला हुकमी खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्स संघाला देऊन त्यांचा अँथनी डेव्हिस घेतला, त्या ट्रेडनंतर, म्हणजे अदलाबदलीनंतर, डॅलसची अशी वाताहत होणार आणि लेकर्सही लगेच जिंकणार नाहीत, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. पहिल्या दिवशी याच गृहस्थांनी लेकर्सच्या गळ्यात विजेतेपदाची माळ घातली होती, हे मला चांगले आठवत होते. परंतु यजमानांचा मान राखून मी गप्प बसलो. ही दुर्मीळ विद्या सर्वांना साध्य व्हावी, या शुद्ध हेतूने हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम, आपण निकाल विनाविलंब द्यावा. फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी ही बातमी आली तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र होती आणि आपल्याकडे रविवारची सकाळ. बातमी देणाऱ्या वार्ताहराचे समाजमाध्यमावरील खाते कोणीतरी बळकावले असावे, असे अनेकांना वाटले. आपण मात्र बातमी खरी आहे का, हे पाहण्यात वेळ न दवडता दोन्ही संघांना गुण देऊन मोकळे व्हावे.

वयाकडे पाहू नये. २५ वर्षांचा डॉन्चिच आणि ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस यांच्यात अंतर ते केवढे, अवघी सहा वर्षे!

दुखापतींचा विचार तर अशुभच मानावा. डेव्हिसने डॅलसकडून पहिल्याच सामन्यात २६ गुण मिळवले आणि त्याच सामन्याच्या तिसऱ्या सत्रात तो जायबंदी होऊन बाहेर गेला. मार्चच्या सुरुवातीस डॅलसच्याच कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. अशा वेळी ‘दुर्दैव’ हा शब्द उच्चारून विषय बदलावा. डेव्हिसच्या दुखापतींचा इतिहास वर्षानुवर्षे जगजाहीर होता, ही आठवण कोणी करून दिल्यास त्याला नकारात्मक वृत्तीचा ठरवावे.

आता मुख्य सूत्र. संघात कोणत्या जागेवर कोण खेळणार, हा क्षुद्र प्रश्न आपण कधीही विचारू नये. डॉन्चिच आणि लेकर्सचा दिग्गज लेब्रॉन जेम्स ही दोन नावे शेजारी शेजारी लिहावीत आणि तृप्त व्हावे. डेव्हिस गेल्यावर लेकर्सकडे बास्केटखाली उभा राहील असा भरवशाचा उंच खेळाडू, म्हणजे सेंटर, उरला नव्हता. तो मिळवण्यासाठी त्यांनी मार्क विल्यम्सचा सौदा केला आणि वैद्यकीय तपासणीनंतर काही दिवसांतच तो मोडला. ही गोष्ट लपलेली नव्हती, तरीही ५० विजय आणि पश्चिम विभागातील तिसरे स्थान एवढ्यावर आपण हुरळलो. पुढे बाद फेऱ्यांतील पहिल्याच फेरीत मिनेसोटाने त्यांना ४-१ असे हरवले. चौथ्या सामन्याच्या संपूर्ण उत्तरार्धात प्रशिक्षकांनी तेच पाच खेळाडू एकही बदल न करता खेळवले, आणि पाचव्या सामन्यात मिनेसोटाचा सेंटर रूडी गोबेर याने २७ गुण मिळवले व २४ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर उसळलेले चेंडू) घेतले. समोर उंच माणूसच नव्हता, तर घेणार नाही काय? आणि डॅलसचे तरी काय? लाइव्हली आणि गॅफर्ड असे दोन सेंटर हाताशी असताना त्यांनी तिसरा उंच खेळाडू आणला आणि सगळा हल्ला ज्याच्या हातून चाले त्यालाच देऊन टाकले. म्हणजे घरात दोन आचारी असताना तिसरा ठेवायचा आणि बाजारहाट करणाऱ्याला काढून टाकायचे. अर्विंग पडल्यावर चेंडू पुढे आणणारा माणूस उरला नाही. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला १८ वर्षांच्या कूपर फ्लॅगला, मुळात फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) असलेल्या मुलाला, पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव रचणारा, म्हणून उभे करावे लागले. हे समजायला प्रशिक्षकाची पदवी लागत नाही हो, पाच बोटे मोजता आली तरी पुरे!

ड्राफ्टच्या, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीतील, निवडी ही चिल्लर समजावी. क्लिपर्स संघाने २०१९ मध्ये ओक्लाहोमा संघाच्या पॉल जॉर्जसाठी अशीच चिल्लर मोजली; तीत शे गिल्जस-अलेक्झांडर होता आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी होत्या, ज्यांपैकी एकीतून ओक्लाहोमाला जेलन विल्यम्स मिळाला. ओक्लाहोमा २०२५ चे विजेते आहेत.

नशीब फळले तर त्याला दूरदृष्टी म्हणावे. १.८ टक्के शक्यता असताना सोडतीत डॅलसला ड्राफ्टमधील पहिली निवड लागली आणि फ्लॅग आला, तेव्हा ‘हीच तर योजना होती’ असे म्हणणारे महाभाग मी स्वतः ऐकले आहेत.

आता पुरे झाले. डॅलसच्या ज्या सरव्यवस्थापकाने हा ट्रेड केला, त्या निको हॅरिसनचा निर्णय मला पहिल्यापासून चुकीचा वाटतो. पण बचावाने विजेतेपदे जिंकली जातात, हे आपले म्हणणे त्याने नाव लावून मांडले, प्रेक्षकांच्या विरोधाच्या घोषणा ऐकल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, संघ तीन विजय व आठ पराभवांवर असताना, नोकरी गमावली. तुमचे काय गेले? तुम्ही फेब्रुवारीत एक बोललात, मेमध्ये दुसरे, नोव्हेंबरमध्ये तिसरे, आणि प्रत्येक वेळी ‘मी म्हटलेच होते’ हे वाक्य तेवढे कायम ठेवलेत. पुढचा मोठा ट्रेड होईल तेव्हा आधी दोन्ही संघांची पूर्ण यादी वाचा, कोणाचा करार कधी संपतो ते पाहा, गेल्या तीन हंगामांत कोण किती सामने खेळला ते मोजा, आणि मग काय वाटते ते तारखेसह लिहून ठेवा. तेवढा आळस सुटत नसेल, तर निदान शेजारच्याला सुखाने जेवू द्या.