‘नाही’ शेवटी येतं: ट्रान्सक्रिप्टवरून आपोआप ॲनिमेशन होतं म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव-खानापूर भागात व्हिडिओ करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हिडिओची ट्रान्सक्रिप्ट (बोललेलं सगळं लिहून काढलेला मजकूर) एआयला द्या, पाच मिनिटांत ॲनिमेशन तयार. एडिटर नको, तपासत बसायला नको.’ मी खानापूर तालुक्यातल्या मुलांसाठी मराठी व्हिडिओ करतो आणि हे काम याच पद्धतीनं करून बघितलंय.

‘ट्रान्सक्रिप्ट आपोआप अचूक मिळते.’ आपल्याकडे मिळत नाही. २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर, म्हणजे आवाज ऐकून मजकूर लिहिणारं ओपनएआयचं मॉडेल, ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलं होतं. त्यात इंग्रजी सोडून ९६ भाषांना मिळून १,१७,००० तास. शिवाय भाषा आपण सांगितली नाही तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ती ठरवतं आणि तीच पुढं धरून चालतं. आपण ‘काय करूलास’पासून सुरुवात करतो आणि भाव सांगताना कन्नडवर जातो. बाजारातल्या मावशींचं ‘ऐवत्तु रुपये’ माझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘ऐकतो रुपये’ झालं, आणि ॲनिमेशनमध्ये पन्नासच्या नोटेऐवजी कानाला हात लावलेला माणूस आला.

‘ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळं असतं.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. खानापूरचे एक कुंभारकाका मडकं करून दाखवत होते: ‘हे एवढं जाड ठेवायचं, मग असं आत घ्यायचं, इथं बोट दाबायचं.’ एवढं, असं, इथं. सगळा धडा हातात होता, कागदावर फक्त हे तीन शब्द उरले. एआय इथं थांबून विचारत नाही, स्वतःच्या मनानं जाडी ठरवून गुळगुळीत मडकं काढून देतं. मुलांना ते खरंच वाटतं. आता मी चित्रीकरणातच म्हणतो, ‘काका, किती बोटं जाड ते तोंडानं सांगा की.’ आणि प्रत्येक ओळीपुढं पडद्यावर काय दिसत होतं ते हातानं लिहितो.

‘वेळ आपोआप जुळते.’ हिशेबापुरतं खरं आहे. सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रं) धरल्या तर २.४ सेकंदांच्या ओळीला ६० फ्रेम, यात संगणक चुकत नाही. पण सबटायटलची ओळ वेळ बघून तुटते, अर्थ बघून नाही. ‘ओलं मडकं थेट उन्हात ठेवायचं’ ही एक ओळ, ‘नाही’ दुसरीत. मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे आधी मडकं उन्हात गेलेलं दिसतं! म्हणून ओळी वाक्य पुरं होईपर्यंत जोडायच्या, पहिलीची सुरुवातीची आणि शेवटचीची संपण्याची वेळ ठेवायची, मगच पुढं द्यायचं.

नकाशे, बाण, आकडे यांसाठी मॅनिम किंवा रिमोशनसारखी कोडवर चालणारी साधनं चांगली. थेट व्हिडिओ बनवणारी मॉडेलं काही सेकंदांचे तुकडे देतात. पुढच्या तुकड्यात कुंभाराचा चेहरा बदलतो, देवनागरी अक्षरं मोडतात. अक्षरं मी वेगळी चढवतो.

राहिली ती पाच मिनिटं. तीन मिनिटांच्या व्हिडिओला मला पूर्ण दिवस लागतो. पूर्वी आठवडा जायचा, म्हणजे फायदा मोठाच आहे. पण तपासणं सुटत नाही. मडक्याचा व्हिडिओ मी काकांना दाखवला तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘चाक उलटं फिरूलंय बघ.’ चाकाच्या दिशेबद्दल ट्रान्सक्रिप्टमध्ये एक शब्द नव्हता.