मार्को पोलो, पाम तेल आणि आमचा संचा

गेल्या आठवड्यात आत्याने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा "आइस्क्रीमचं काळं सत्य", शेवटी "किमान दहा जणांना पाठवा". दुसऱ्या दिवशी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि तिसऱ्या दिवशी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आइस्क्रीमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आइस्क्रीम मार्को पोलोने चीनहून युरोपात नेलं. भारतात ते 1833 साली इंग्रजांनी आणलं, त्याआधी आपल्याला गोठवणं माहीतच नव्हतं. हल्ली मिळतं ते सगळं पाम तेल, त्यातही निम्मी हवा. दहा रुपयांच्या मालाचे साठ घेतात, उरलेला माल फ्रीजरमध्ये वर्षभर टिकतो म्हणजे नुकसान शून्य. आणि खाल्ल्यावर सर्दी होते ती वेगळीच.

1949 साली बडोदे संस्थान विलीन झालं, आजोबांची खानगी खात्यातली कारकुनी संपली आणि त्यांनी हाताने फिरवायच्या एका लाकडी संच्यावर हा धंदा सुरू केला. आता मी बघते. आत्याला फोनवर सांगून झालंय, पण मेसेज आता तिच्या हातात राहिलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मार्को पोलो 1295 मध्ये व्हेनिसला परतला. पुढे जिनोव्हाच्या तुरुंगात त्याने आपला प्रवास सोबतच्या कैद्याला सांगून लिहवून घेतला. त्या पुस्तकात आइस्क्रीम नाही. इंग्लंडमध्ये आइस्क्रीमची पहिली नोंद सापडते ती 1671 सालची, विंडसरला दुसऱ्या चार्ल्सच्या मेजवानीत, तीही फक्त राजाच्या टेबलावर. मग मधली पावणेचारशे वर्षं पोलोचं आइस्क्रीम कुठे विरघळत होतं?

पण माझा खरा आक्षेप दुसरा आहे. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने आइस्क्रीम कधी फिरवलेलं नाही. नुसत्या बर्फात दुधाचा डबा ठेवला तर दूध गार होतं, गोठत नाही. बर्फ असतो शून्यावर आणि साखर घातलेलं दूध गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं. बर्फात मीठ टाकलं की तो वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि पाणी उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. हे कळल्याशिवाय पाककृती कुठूनही आणा, तिचा उपयोग नाही. सोऱ्याने, म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात त्या क्षाराने, पाणी गार करण्याची युक्ती अरब वैद्यांच्या लिखाणात तेराव्या शतकात आहे. युरोपात 1589 साली देला पोर्ता या इटालियन विद्वानाने बर्फात सोरा टाकून, त्यात बाटली फिरवत ठेवून वाइन गोठवायची कृती छापली. आइस्क्रीमचा रस्ता या मिठाच्या पोत्यातून जातो, रेशमाच्या वाटेवरून नाही.

मिठाचा धडा मला बाराव्या वर्षी मिळाला. संचा म्हणजे बाहेर लाकडी बादली, आत कल्हईचा डबा, डब्यात पाती, वर हँडल. असं हँडलचं यंत्र नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईने 1843 साली अमेरिकेत पेटंट केलं होतं, आमचा संचा त्याच घडणीचा. बादलीला वरच्या अंगाला एक भोक असतं. त्यातून खारं पाणी सारखं गळत राहतं. त्या दिवशी सीताफळाचा घाणा होता. आजी आणि काकू सकाळपासून बिया काढत बसल्या होत्या, बोटं काळी पडली होती. मी हँडलवर. गळतं पाणी माझ्या पायांवर पडायचं, बोटं बधिर व्हायची, म्हणून मी त्या भोकात चिंधी कोंबली. पाणी चढलं, डब्याच्या झाकणावर आलं आणि आत गेलं. आजोबांनी चमचाभर चाखलं, काही बोलले नाहीत, चिंधी काढून माझ्या हातात दिली. दहा लिटर सीताफळ खारट. भोक गळण्यासाठीच असतं हे त्यानंतर कुणी मला समजावलं नाही, गरजच नव्हती.

आता इंग्रजांचं. मेसेज 1833 साल सांगतो आणि ते साल खरं आहे. त्या वर्षी बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने सुमारे 180 टन बर्फ जहाजात घालून कलकत्त्याला पाठवला, त्यातला शंभरेक टन पोचला. पण "त्याआधी काही नव्हतं" ही पुढची उडी खोटी. आईन-इ-अकबरीत सोऱ्याने पाणी गार करायची रीत आहे, आणि लाहोरच्या उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणण्याची व्यवस्थाही. त्याहून मोठा पुरावा एका इंग्रजानेच ठेवलाय. रॉबर्ट बार्कर या सेनाधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादच्या बर्फाची हकिकत कळवली. हिवाळ्यात रात्री उघड्या मैदानात उथळ खड्डे, त्यात वैरणीचा थर, वर मातीची पसरट भांडी, भांड्यांत पाणी. पहाटे त्यावर बर्फ धरलेला. तो गोळा करून उन्हाळ्यासाठी खोल खड्ड्यात दाबून ठेवायचे. पुढे तो लिहितो की सरबत किंवा साय चांदीच्या निमुळत्या पेल्यात भरायची, झाकण कणकेने लिंपायचं आणि पेले बर्फ, सोरा व मीठ यांच्यात ठेवायचे.

निमुळता साचा, कणकेने बंद केलेलं झाकण. ही कुलफी आहे, आणि ट्यूडरच्या जहाजाआधी 58 वर्षांची. शब्दही तेच सांगतो. कुलफी ज्या अरबी कुफ्लवरून आली, त्याच्यावरूनच आपलं कुलूप. तेव्हा "आपल्याला माहीत नव्हतं" म्हणणाऱ्याने निदान घराला लावलेल्या कुलपाकडे बघावं. (उलटा मेसेजही फिरतो, आइस्क्रीमचा शोध भारतातच लागला म्हणून. तोही नको. सतत घुसळत गोठवणं हा वेगळा प्रकार आहे आणि तो इटली-फ्रान्सकडे वाढला.)

पाम तेलाच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. "सगळं" हा शब्द तेवढा खोटा. आपल्या अन्न कायद्यात आइस्क्रीम म्हणवायला त्यात किमान 10 टक्के स्निग्धांश दुधाचाच लागतो. वनस्पती तेल वापरलं तर त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणायचं आणि तसं पाकिटावर छापायचं. ते विष नाही, खायला बंदी नाही. पण नाव बारीक अक्षरात आणि वर मोठा स्ट्रॉबेरीचा फोटो, ही चलाखी मलाही आवडत नाही. पाकीट उलटून वाचा, दहा सेकंदांचं काम आहे. लग्नाच्या पंगतीत पाकीट नसतं, तिथे कॅटररला विचारा.

हवेवरून तर मला दुकानात तोंडावर ऐकावं लागतं: "बेन, आ तो हवा वेचो छो!" हो, विकते. हवा नसेल तर तो बर्फाचा दगड होईल, चमचा वाकेल. कुलफीत हवा जवळपास नसते, म्हणून ती काडीला धरून चाटायची. आइस्क्रीम चमच्याने उचललं जातं ते फिरवताना आत कोंडलेल्या हवेमुळे. प्रश्न किती हवा, एवढाच. कायदा म्हणतो एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम हवं, म्हणजे निम्म्यापर्यंत हवा चालते. संच्यात हात हळू फिरतो, हवा कमी जाते, डबा हाताला जड लागतो. फसवणूक होते की नाही हे बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला काटा काढा आणि एक लिटरचा डबा त्यावर ठेवा.

नफ्याचं गणित वाचून मात्र माझी झोप उडाली. दहा रुपयांचा माल? फुल क्रीम दुधात स्निग्धांश 6 टक्के असतो. 10 गाठायला वरून साय घालावी लागते किंवा दूध आटवावं लागतं. सीताफळाचा गर काढायला आजही माणूसच बसतो, यंत्र बी चिरडतं आणि गर कडू होतो. जीएसटी 2017 मध्ये आला तेव्हा आइस्क्रीमवर 18 टक्के लागला, आणि छोट्या धंद्यांसाठी जी ठोक कराची सोपी योजना होती, तिच्यातून आइस्क्रीम बनवणाऱ्यांना बाहेर ठेवलं. कुणासोबत? पान मसाला आणि तंबाखूवाल्यांसोबत. बाबा तो कागद हातात घेऊन बराच वेळ हसत होते. 22 सप्टेंबर 2025 पासून दर 5 टक्के झाला, तेव्हा ते नव्हते.

आणि हे सगळं झाल्यावर वीज. बिल बाराही महिने येतं, गिऱ्हाईक चार. श्रावणात आमच्या दुकानात आम्हीच बसलेलो असतो.

"वर्षभर टिकतो, नुकसान शून्य" हे लिहिणाऱ्याला मी आमचा 2024 चा ऑगस्ट दाखवला असता. विश्वामित्रीला पूर आला, आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी फ्रीजरचं झाकण उघडलं तर डब्यांत वर फेस आणि खाली गोड दूध. पुन्हा गोठवता येत नाही का, असं शेजारच्यांनी विचारलं. गोठतं ना. हवा निघून गेलेली असते, बर्फाचे कण मोठे होतात, जिभेला वाळू लागते. सोळा डबे मोरीत ओतले, आणि घरात दोन दिवस केशराचा वास होता. पूर सोडा, साधं रोज दहादा वीज गेली-आली तरी कण थोडेथोडे वितळून पुन्हा धरतात आणि महिन्याभरात माल करकरीत होतो.

राहिली सर्दी. ती विषाणूने होते, आइस्क्रीमने नाही. पण हा आरोप मेसेजमधला सगळ्यात जुना, याबद्दल त्याला मान द्यायला हवा. 1834 साली मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, आणि विलायती चीज खाल्ल्याची ही शिक्षाच, असा शेरा मुंबई समाचारने मारला. आत्याने निदान "दहा जणांना पाठवा" एवढंच लिहिलंय.