मेल अडला की दोष सर्व्हरचाच

कंपनीचे कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये गेले की पहिला फोन मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हाला येतो आणि त्यातले पहिले वाक्य ठरलेले असते: ‘आम्ही काहीच बदललेले नाही.’ डीएनएस (डोमेनच्या नोंदींची इंटरनेटवरची वही) उघडून पाहावे, तर एकाच डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल कोणी पाठवायचे हे सांगणाऱ्या नोंदी, सुखाने नांदत असतात; एक आम्ही केलेली आणि दुसरी मार्केटिंगवाल्यांनी परस्पर चिकटवलेली. डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन झाल्या की तपासणीच बाद ठरते, आणि एकाच नोंदीत मेल पाठवणाऱ्या सगळ्या सेवा कोंबल्या तरी ती तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस चौकश्या चालत नाहीत, हे २०१४ च्या आरएफसी ७२०८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजामध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद) सक्तीचे केले. तरीही डीमार्कचे नाव काढले की ‘ते नंतर बघू’ हेच उत्तर मिळते.

त्याहून संताप येतो तो वेबसाइटवाल्यांचा. नवी साइट चढवताना ते नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलतात, जुन्या झोनमधल्या (जुन्या नोंदींच्या संचातल्या) एमएक्स (येणारे मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या) आणि टीएक्सटी (एसपीएफसारखा मजकूर असलेल्या) नोंदी उतरवून घेण्याची तसदी घेत नाहीत, आणि शुक्रवारी संध्याकाळी (शुक्रवारच का, हे कोडे मला सुटलेले नाही) एकमेकांचे अभिनंदन करून घरी जातात. येणारे मेल बंद पडल्याचे खापर मात्र आमच्या माथी फुटते. टीटीएल, म्हणजे एकदा मिळालेले डीएनएसचे उत्तर जपून ठेवण्याचा काळ, २४ तासांचा असल्यामुळे नोंदी दुरुस्त केल्यावरही काही ठिकाणी जुनेच उत्तर मिळत राहते, आणि तोवर साहेबांचे ‘झाले का?’ दर अर्ध्या तासाने येत राहते, तेही व्हॉट्सॲपवर, कारण मेल बंद आहे.