संकलन : एक हौशी प्रवासी

काल सकाळी मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘तू क्रूझला जाऊन आलास ना? पुढच्या वेळी असलं काहीतरी वाचून जात जा. कसलं भारी काम केलंय बघ माणसाने.’

उघडली. ‘भूमध्य समुद्र क्रूझ : प्रत्येक बंदरावर स्वतःचे स्वतः फिरा. संकलन : एक हौशी प्रवासी, डोंबिवली (पूर्व).’ पहिल्याच पानावर लिव्होर्नोचं ‘लिव्होनो’ झालेलं. ही चूक माझी. दुसऱ्या पानावर नेपल्सच्या रकान्यात, ‘पाँपेईच्या लोकलला पाकीटमार फार, हिला आधी सांगू नये.’ हे वाक्यही माझं. ही म्हणजे माझी ही.

ही पीडीएफ मुळात माझ्या एक्सेल शीटची. चार महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी ती शीट घेऊन बसायचो. का, तर क्रूझच्या पत्रकात ‘रोम’ असं ठसठशीत छापलेलं असतं आणि जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम 70-75 किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणतात आणि उतरवतात लिव्होर्नोला. तिथून फ्लोरेन्स 90. म्हणजे मुंबई सांगून खोपोलीत उतरवायचं आणि वर नम्रपणे विचारायचं, बस हवी का? आमच्या जहाजावर त्या बसचे माणशी 100 डॉलरच्या आसपास होते. बस रोमला सोडणार, संध्याकाळी उचलणार, मधलं तुमचं तुम्ही बघा. तेच अंतर लोकल ट्रेन पाचेक युरोत नेते. फक्त एक ग्यानबाची मेख आहे. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्हाला झाला तर ते भोंगा वाजवून निघून जातं आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून माझ्या शीटमध्ये ‘परत’ हा रकाना लाल होता.

दुसऱ्या रात्री बुफेमध्ये ताटाशेजारी त्या शीटचा छापील कागद पसरून बसलो होतो. मागून कोणीतरी माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचायला लागलं.

“चिवि... काय हो हे? तुम्ही केलंत सगळं?”

मी गहिवरलो. चार महिन्यांत घरातल्या कोणी एवढं विचारलं नव्हतं.

“पुणेकर ना? वाटलंच. आम्ही डोंबिवली. मुलाने पाठवलंय, नाहीतर आम्ही कुठले! ते जरा मोबाइलवर पाठवून ठेवा. माझा चष्मा केबिनमध्ये आहे.”

पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका आणि काकू जहाजाच्या जिन्यापाशी तयार. “आम्हाला काही नको. आम्ही आपले तुमच्या मागे मागे.”

मागे मागे म्हणजे काय ते चिवितावेक्किया स्टेशनवर कळलं. तिथे कागदी तिकीट घेतलं की गाडीत चढण्यापूर्वी भिंतीवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा. नाही उमटवला तर तिकीट असूनही दंड. काकांनी यंत्राच्या फटीत डोळा लावून पाहिलं.

“गिळलं तर?”

“नाही गिळत. हे बघा, माझं आलं बाहेर.”

“तुमचं आलं हो. माझं गिळलं तर?”

“काका, गाडी आलीये.”

“आधी काकूचं घाला. बघू.”

काकूंचं बाहेर आलं. मग स्वतःचं तिकीट त्यांनी दोन बोटांत घट्ट धरूनच आत सरकवलं. यंत्र ओढतंय, काका ओढताहेत. शिक्का अर्धा उमटला. गाडीत पूर्ण वेळ ते तिकीट उजेडात धरून मला विचारत होते, “अर्धा चालतो का?” तिकीट तपासायला कोणी आलंच नाही. त्यावर काका म्हणाले, “बघा. उगाच घाबरवलंत.”

सान पिएत्रो स्टेशनला उतरून चालत गेलं की व्हॅटिकन. शीटमध्ये मी लिहिलं होतं, ‘चर्चमध्ये जायला गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत.’ काका थ्री-फोर्थमध्ये होते. ती फोर्थची उरलेली जागा गुडघ्याच्या वर संपत होती.

“मी वाचलं ते. पण ते बायकांसाठी असेल ना?”

सुरक्षा तपासणीच्या रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर दारावरच्या माणसाने काकांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. काकांनी त्याला मराठीत समजावलं की वय 68 आहे. तो हलला नाही. शेवटी काकूंनी पिशवीतून ओढणी काढली, जांभळी, टिकल्यांची, आणि बेर्निनी या शिल्पकाराने चर्चसमोरच्या चौकाभोवती उभारलेल्या 284 खांबांच्या कुशीत, निदान दोनशे माणसांच्या देखत, काकांना लुंगी नेसवली. काका हात वर करून उभे. एका जपानी बाईने फोटो काढला. तो इतका मन लावून काढला की तिला हा काही धार्मिक विधी वाटला असावा.

पुढे कलोसियमच्या तिकिटांवर नावं छापलेली असतात आणि तिकिटं फक्त आमचीच काढलेली, त्यामुळे आम्ही दोघं आत आणि ती दोघं बाहेर, असा माझा हिशेब. पण “आत काय, पडकंच आहे” म्हणत काकांनी आम्हालाही दारातूनच घाई केली. त्यांना नळ सापडला होता. रोमच्या रस्त्यांवर असे ओतीव लोखंडी नळ हजारोंनी आहेत, गार, गोड पाणी अखंड वाहतं आणि फुकट. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, ओंजळ न धरता पिता येतं. हेही शीटमध्ये होतं. काकांनी ते तीनदा करून पाहिलं, दोनदा माझ्या अंगावर. मग “जहाजावर पाण्याचे पैसे लावतात” म्हणून चार बाटल्या भरल्या. प्रत्येक नळावर थोडी ओतून पुन्हा भरल्या, कारण इथलं जास्त गार.

ठरलेली गाडी गेली.

त्यानंतरचं फार लिहवत नाही. स्टेशन ते बंदराची बस, बसला रांग, मग धक्क्यावरून धावणं. वर बाल्कन्यांमध्ये पेले घेतलेले लोक अशा उशिरा येणाऱ्यांची वाटच बघत असतात. टाळ्या वाजवतात, नावं ठेवतात. सर्वांत पुढे काकू, मग ही, मग मी, हातात काकांच्या दोन बाटल्या. काका सर्वांत मागून ओरडत होते, “सांडू नका!” सहा मिनिटं शिल्लक होती.

रात्री लिफ्टमध्ये काका एका नागपूरच्या कुटुंबाला सांगत होते, “रोम आम्ही आमचं आम्ही केलं. पाच-पाच युरोत. अभ्यास लागतो.” मला पाहून त्यांनी मान हलवली, ओळख असल्यासारखी.

हसण्यावारी नेलं तेव्हा. आज नेववत नाही. आपल्याकडे हॉटेलचं बिल वाटून घेतात, टॅक्सीचं वाटून घेतात. पण चार महिन्यांची रात्रीची झोप मात्र ‘जरा पाठवून ठेवा’ म्हटलं की झाली यांची.

पीडीएफच्या शेवटच्या पानावर ‘महत्त्वाच्या सूचना’ आहेत. एवढंच पान काकांचं स्वतःचं. ‘सहप्रवासी पारखून घ्यावेत. रोमला आमच्याबरोबर पुण्याचे एक जोडपे होते. त्यांच्यामुळे जहाज चुकता चुकता राहिले.’

ही पीडीएफ हिच्या भिशीच्या ग्रुपवरही आली आहे. आत्ताच आतून आवाज आला, “अहो, नेपल्सच्या रकान्यातली ‘ही’ कोण?”