तब्येतीचं विचारताना काम काय करता, तेही विचारा

कंबर धरलीय, बीपी वाढलंय, झोप लागत नाही. तक्रार कुठलीही असो, सल्ला ठरलेला: चालायला जा, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका. समोरचा माणूस दिवसाचे नऊ-दहा तास नेमकं काय करतो, हे फारसं कुणी विचारत नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना बजावलं, की रोग्याला त्याचा धंदाही विचारत जा. सव्वातीनशे वर्षं झाली या गोष्टीला!

बैठं काम वाईट आणि अंगमेहनत चांगली, असं आपण सरसकट बोलून जातो. त्यातल्या बैठ्या कामाच्या भागाला आधार आहे. ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर सीटवर बसणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आढळला, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. पण म्हणून ओझी वाहणाऱ्याला "तुमचा व्यायाम आपोआप होतो" असं सांगू नका. व्यायाम करणारा दमला की थांबतो. ओझं वाहणारा दमला तरी पुढची खेप असतेच, आणि गुडघे नि मणके त्याची किंमत मोजतात.

दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे पाय संध्याकाळी कधी पाहिलेत? घोट्याच्या वर मोज्याचा वळ खोल रुतलेला, पोटरीवर निळ्या शिरा टरारलेल्या. ती पाणी मुद्दाम कमी पिते, कारण लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं आणि काउंटर सोडला की बोलणी बसतात. मग जळजळ, मग इन्फेक्शन. दवाखान्यात तिला सांगतात, भरपूर पाणी पीत जा. सल्ला शंभर टक्के बरोबर, पण तिने तो पाळायचा कसा?

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. काम किती जड आहे यापेक्षा आपल्या कामावर आपला ताबा किती, हे जास्त सलतं. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून 'व्हाइटहॉल' अभ्यास झाला. बहुतेक टेबल-खुर्चीवरची माणसं. तरी जसजसं पद खालचं, तसतसा हृदयविकाराने मरण्याचा धोका जास्त. सिगारेट, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात कामावर ताबा नसण्याचा हृदयविकाराशी संबंध दिसला. साहेबालाच काय ते टेन्शन, हा समज सोडून द्यायला हवा.

तासांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं, की आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आणि किती तास कामावर थांबायचं, हे राबणारा ठरवत नाही.

कंपन्या ध्यानाची शिबिरं भरवतात, जरूर भरवोत. पण त्याआधी शिफ्टचा तक्ता वेळेत लावा, काउंटरमागे एक स्टूल ठेवा आणि लघवीला जायची परवानगी मागायला लावणं आजच्या आज बंद करा.