परवाना गाळ्याला मिळतो, हाताला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मालिश करणाऱ्यांकडे परवाना मागणे म्हणजे बेळगावच्या वडगाव-शहापुरात घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय देणे होय, असा आपला आक्षेप आहे. तो मी मनाला लावून घेतला आहे, कारण ‘मालिश करणाऱ्याला लायसन लागते’ हे मूळ लेखातील माझे सरसकट विधान चुकीचे होते.

केवळ मालिश करण्यासाठी व्यक्तीला दिला जाणारा परवाना कर्नाटकात अस्तित्वातच नाही. गाळा घेऊन मसाज सेंटर काढणाऱ्याला बेळगावात महापालिकेचे ट्रेड लायसन, म्हणजे व्यवसाय परवाना, घ्यावे लागते आणि १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्याखाली नोंदणी करावी लागते. निपाणीत हेच लायसन नगरपालिका देते. मात्र पंचकर्म किंवा निसर्गोपचार या नावाने रोग बरा करण्याचा दावा केला, की ते केंद्र २००७ च्या कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याच्या कक्षेत येते आणि तेथे त्या त्या पद्धतीचा नोंदणीकृत डॉक्टर असावा लागतो. आपण ज्यांची बाजू घेतली आहे, त्या बायकांना यातले काहीच लागू होत नाही आणि होऊही नये.

तरीही न कळत्या हातांनी केलेल्या मालिशने अपाय होईल, ही माझी काळजी मिटत नाही. माझ्या मुलीच्या बाळंतपणात आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी ‘शिजर झालंय का?’ असे विचारून घेतले, कोमट तेल आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिले आणि पोटाला हात लावला नाही. आठव्या दिवशी मुलीची एकच पोटरी सुजून गरम लागू लागली, तेव्हा त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि ‘हे चोळायचं नाही, आधी डॉक्टरला दाखवा’ असे बजावले. बाळंतिणीच्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि अशा वेळी पाय चोळला तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे त्यांना कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते. याउलट, ज्या सेंटरमध्ये मी स्वतः कंबरेसाठी गेलो होतो, तेथे भिंतीवर लायसन चौकटीत लावलेले होते. पण मला रक्तदाब आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे कोणी विचारले नाही.

ट्रेड लायसन जागा, स्वच्छता आणि शुल्क पाहते. मालिश करणाऱ्याला काय येते, हे ते पाहत नाही. आपण त्याला पैसे उकळण्याचे साधन म्हणता, तेथे मी आपल्याशी सहमत नाही, कारण कोणाची तक्रार आली तर जबाबदार कोण, हे निदान त्या कागदावरून कळते. परंतु कौशल्याची परीक्षा व्हायची असेल, तर ती आधी गाळेवाल्यांची व्हावी, आणि मावशींसारख्यांना शुल्क न घेता मराठीतून प्रशिक्षण मिळावे. कन्नड अर्जापायी त्यांना कोणापुढे हात जोडावे लागू नयेत.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे आणि त्याखाली आपल्या आक्षेपाची नोंद ठेवली आहे.